चिगुराच्या दिवसांतला सराव

काल सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या भाजीवालीच्या टोपलीत चिगुर दिसला. चिंचेची कोवळी, तांबूस-पोपटी पालवी, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेली. तिने फडक्याचं टोक उचललं आणि तो आंबटसर ओला वास आला. मी भाव न विचारता दोन मुठी घेतल्या, घरी येऊन तळहातांवर चोळून दांडे काढत बसले, आणि वरणाला फोडणी द्यायची राहूनच गेली. उन्हाळा आला हे मला दरवर्षी या पानांवरून कळतं. गेली सात वर्षं त्याबरोबर आणखी एक गोष्ट आठवत आली, ती ही की मी स्वरूपाला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मी हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनाच्या बाजूच्या एका छोट्या कचेरीत काम करत होते. खाली औषधांचं दुकान, वर आम्ही. आम्ही फलक बनवायचो. इमारतीत शिरलेला माणूस चुकू नये म्हणून जे जे लागतं ते: बाण, मजल्यांचे आकडे, दारांवरच्या पाट्या. तेलुगू, उर्दू, इंग्रजी, आणि कुणी मागितलं तर हिंदी. अठ्ठावीस वर्षं लोकांना वाट दाखवण्यात घालवल्यामुळे अजूनही कुठे बाण तिरका लागलेला दिसला की माझं डोकं दुखायला लागतं. एका लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाकडचा बाण उलटा लागला होता, तर मी शालू नेसलेली खुर्चीवर चढून तो सरळ केला. भाच्याचंच लग्न होतं, म्हणून कुणी काही बोललं नाही.

कचेरीत आम्ही सहा जण होतो. उर्दू अक्षरं बघणारे मोहसिनभाई साठीला टेकले होते; पान सोडून वीस वर्षं झाली तरी त्यांची जीभ गालात काहीतरी शोधत असायची. शिडी आणि ड्रिल सांभाळणारा यादय्या, ज्याचा डावा गुडघा प्रत्येक पायरीला कुरकुरायचा. संगणकावर बसणाऱ्या दोन मुली. सगळ्यांच्या वर मी, म्हणजे साहेबांची बोलणी सगळ्यांत आधी खाणारी. आणि स्वरूपा.

स्वरूपाची माणसं मूळची भालकीकडची. आजोबा शेती भावावर सोपवून शहरात आले आणि विद्यानगरात राहिले, तेव्हापासून घर तिथेच. ‘ताई, उगं परेशान नक्को होऊ’ असं ती म्हणायची, आणि त्या एवढ्याशा वाक्यात कितीही भाषा असल्या तरी मला खरंच शांत वाटायचं. बोलायला मराठी, वाचायला तेलुगू, भांडायला दखनी, अशी तिची वाटणी होती. तेव्हा ती अडतीसची असेल. कानामागे कायम पेन्सिल, आणि ती कुठे गेली म्हणून टेबलभर शोधाशोध.

त्या वर्षी साहेबांच्या मनात आलं की आम्हाला प्रशिक्षण हवं. शहराबाहेर एक मोठं खासगी इस्पितळ उभं राहत होतं, त्याच्या फलकांचं काम आम्हाला मिळण्याची शक्यता होती, आणि साहेबांच्या मते आमचे बाण म्हातारे झाले होते. मग मार्चपासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता किरण यायला लागला. विजयवाड्याकडचा, तिशीतला, आवाज नाटकात तापवलेला. पहिल्या दिवशी त्याने आमच्या मीटिंगच्या खोलीत डोकावून पाहिलं, इथे कुणाला काही सुचणार नाही असं म्हणाला, आणि आम्हाला सगळ्यांना गच्चीवर घेऊन गेला.

गच्चीवर शेजारच्या आवारातल्या चिंचेची एक मोठी फांदी झुकली होती. वर्षानुवर्षं त्या इमारतीत काम करून मी ती कधी पाहिली नव्हती. चार वाजताचं ऊन तिच्यातून झिरपून आमच्या सतरंजीवर पडायचं आणि हलत राहायचं. स्टेशनावरच्या घोषणा तिन्ही भाषांत ऐकू यायच्या, एकाही भाषेत नीट न कळणाऱ्या. यादय्या बसल्या बसल्या फांदी खाली ओढून चिगुर तोडायचा, मोहसिनभाई दोन पानं तोंडात टाकून डोळे मिटायचे. आमच्याकडे हा वरणात पडतो, त्यांच्याकडे गोश्तात, आणि कुणाच्या घरी तो जास्त खुलतो यावर पहिले दोन मंगळवार गेले. किरणने आम्हाला थांबवलं नाही. सराव सुरू झालाय, एवढंच तो म्हणाला.

आता आठवते ती त्या दिवसांची एक संथ, अर्धवट झोपेतली चव. डाव्या हाताने बाण काढायचे. एकमेकांकडे पाठ करून बसायचं, एकाने आपल्या घरची वाट सांगायची आणि दुसऱ्याने ती न विचारता कागदावर उतरवायची. माझ्या घराची वाट मोहसिनभाईंनी काढली, ती मशिदीपाशी वळली, बेकरीपाशी थबकली आणि रेल्वेच्या रुळांत जाऊन संपली. पन्नाशी ओलांडलेली मी, त्या कागदाकडे बघून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. कचेरीत आपण इतकं हसू शकतो हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत नव्हतं याचं जरा वाईटही वाटलं.

शुक्रवारी निकामी कल्पनांचा तास असायचा. नियम असा की पहिल्या दहा कल्पना अगदी टाकाऊच हव्यात. चांगली कल्पना मांडणाऱ्याने सगळ्यांना चहा द्यायचा. यादय्या म्हणाला, बाण काढून टाका, कँटीनपर्यंत कॉफीचा वास सोडा. मोहसिनभाईंना बाणाऐवजी बाहीला कफ असलेला हात हवा होता, जुन्या पाट्यांवर असायचा तसा, बोट दाखवणारा, अदबीने. मी काहीच बोलत नव्हते. टाकाऊ बोलायलाही धीर लागतो, आणि माझं सगळं आयुष्य बरोबर असण्यात गेलं होतं. माझे वडील शाळेत भूगोल शिकवायचे, नकाशात नदी अर्धं बोट सरकली तर वही परत करायचे. त्यांची मुलगी गच्चीवर बसून घाम पुसत राहिली.

मग हरवण्याचा सराव आला. किरणने आम्हाला अफझलगंजला सोडलं, ग्रंथालयाच्या बाजूला, मुसी नदीच्या पुलाजवळ, आणि सांगितलं की तुम्ही आज या शहरात पहिल्यांदा आला आहात. फोन पिशवीत. कुठलाही बोर्ड वाचायचा नाही, वाचता येत नाही असं समजायचं. विचारत विचारत एका दवाखान्यापर्यंत पोहोचायचं. आपल्याच गावात परकं होऊन फिरण्यात केवढी गंमत आहे. बोर्ड न वाचायचं ठरवलं आणि सगळं शहर अचानक आवाजांचं आणि वासांचं झालं: मसाल्याची पोती, बसचे ब्रेक, भिजलेलं दोरखंड. आणि वाट विचारली की काय होतं तेही तेव्हा समजलं. आमच्या हैदराबादेत वाट ‘माहीत नाही’ असं म्हणणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत पाठवणं. मी सात जणांना विचारलं, सातही जणांनी सांगितली, पाच वाटा वेगवेगळ्या. ‘बाजूलाच आहे’ सगळ्यांनी म्हटलं. एक अत्तरवाला आपलं दुकान उघडं टाकून माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत आला आणि मोठ्या प्रेमाने मला चुकीच्या गल्लीत सोडून गेला. कुणालाच मला दुखवायचं नव्हतं.

स्वरूपा मात्र सगळ्यांच्या आधी पोहोचली होती आणि पायरीवर बसली होती. परतताना बसमध्ये ती माझ्याशेजारी खिडकीकडे बघत म्हणाली, की दवाखान्यात येणारी माणसं तिने नुसती बघितली, अर्धा तास. एकानेही मान वर केली नाही. “ताई, रडणारा माणूस वर बघत नाही. आपण सगळं वर लावतो.” त्या शुक्रवारी तिने गच्चीवर जमिनीवर खडूने एक रेघ ओढली, जिन्यापासून पाण्याच्या टाकीपर्यंत, आणि म्हणाली, दवाखान्यात अशी रंगीत पट्टी जमिनीवर घालू, जिकडे जायचंय तिकडचा रंग, खाली मान घालूनही पोहोचता आलं पाहिजे. नियमाप्रमाणे तिला चहा द्यावा लागला. ते इस्पितळाचं काम आम्हाला त्या रेघेमुळे मिळालं.

काम मिळालं त्याच आठवड्यात साहेबांनी मला खाली बोलावून घेतलं. दार लावून घेतलं. काम मिळालंय, पण ते सगळं मशीनवर कापून येणार, सहा माणसं लागणार नाहीत, असं ते म्हणाले. पाच पुरेत. प्रशिक्षणात कोण कसं आहे ते तुम्ही जवळून बघताय, मला महिनाअखेर एक नाव द्या. एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली, आणि मी एक बिस्किट घेतलं. ते बिस्किट घेतलं याचा मला आजही राग येतो.

पुढच्या मंगळवारी डोळ्यांवर पट्टी बांधून चालण्याचा सराव होता. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरल्या. पट्टी माझ्या डोळ्यांवर, हात स्वरूपाचा. तिने मला जिन्यावरून उतरवलं, औषधांच्या दुकानापुढून नेलं, रस्ता ओलांडला आणि स्टेशनाच्या आवारात घेऊन गेली. आधी मी अंग आखडून चालत होते. मग केव्हातरी सैल पडले. तिचा हात ओलसर, उबदार. पायरी आली की ती अंगठा किंचित दाबायची, बोलायची नाही. कुठेतरी कुणी मोगरा विकत होतं, कुठेतरी इंजिन सुस्कारे टाकत उभं होतं, रिक्षावाले कुणाला तरी हाका मारत होते, आणि मी त्या सगळ्यातून तरंगत चालले होते. लहानपणानंतर इतकं निर्धास्त कुणाच्या हातात हात देऊन मी चालले नव्हते. आणि त्याच वेळी मनात कुठेतरी मी नावं लावून बघत होते. मोहसिनभाई नको, घरात बायको अंथरुणाला खिळलेली. यादय्या नको, त्या गुडघ्याला दुसरीकडे कोण उभं करील. मुली नकोत, आत्ताच लागल्यात. पट्टीच्या आत माझे डोळे मिटलेले होते आणि मी नाव शोधत होते.

शेवटच्या आठवड्यातला सराव अवघड बोलण्याचा होता. समोरच्याला नको असलेली गोष्ट सांगायची, खोटं न बोलता, हात न झटकता. किरण समोर बसायचा आणि आम्ही त्याला सांगायचं, तुझं काम नाकारलं गेलंय, तुझी जागा गेलीय. मोहसिनभाई सांगता सांगता त्याच्यासाठी दुसरी नोकरी शोधू लागले. यादय्या तर म्हणाला, मी माझीच जागा देतो याला. मी मात्र शांतपणे, त्याच्या डोळ्यांत बघत, स्पष्ट सांगितलं, आणि तो ऐकेपर्यंत थांबले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किरण म्हणाला, बघा, असं सांगायचं असतं. त्या हंगामात मला मिळालेली ती एकच शाबासकी.

महिनाअखेर मी साहेबांना स्वरूपाचं नाव दिलं. विचार करून दिलं, आणि तेव्हा तो मला चांगला विचार वाटला. ती आमच्यात सगळ्यांत हुशार होती. तिला कुठेही काम मिळेल, बाकीच्यांना मिळणार नाही. ज्याच्या पायात बळ आहे त्यालाच चालायला लावावं, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं. कुणालाही दुखवायचं नाही या आमच्या गावच्या सवयीने मी सगळ्यांत कमी दुखेल असं माणूस शोधलं, आणि त्याला न विचारताच ठरवून टाकलं की त्याला दुखणार नाही. साहेब तिला सांगणार होते त्या दिवशी दाढ दुखते म्हणून मी घरी राहिले. दाढ चांगली होती. दुपारी चार वाजता मी स्वयंपाकघरात उभी राहून गच्चीवर आत्ता काय चाललं असेल याचा विचार करत होते.

इस्पितळ उघडलं. जमिनीवरच्या पट्ट्यांची खूप वाहवा झाली. मी एकदा मुद्दाम जाऊन निळ्या पट्टीवरून शेवटपर्यंत चालले. पुढे एक बाई चालली होती, पदराने तोंड पुसत, मान खाली घालून, आणि कुणालाही न विचारता ती बरोबर दारापाशी पोहोचली.

त्यानंतर मी पुष्कळ सराव केला. अंघोळ करताना, भाजी निवडताना, स्वरूपाला सांगण्याचा. कधी कारणांपासून सुरुवात करायची, कधी साहेबांपासून. कधी सुरुवात इतकी लांबायची की शेवटापर्यंत पोहोचायच्या आधी पाणी थंड व्हायचं. ती मात्र दर पाडव्याला फोन करायची. माझी तब्येत, कचेरी, मोहसिनभाईंची बायको, सगळं विचारायची. मग क्षणभर थांबायची. मला वाटायचं, फोनला रेंज नाही. मी ‘बरं, ठेवू का’ म्हणायची, आणि ती ‘हौ ताई’ म्हणून ठेवून द्यायची. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. यंदाच्या पाडव्यालाही फोन आला, ती थांबली, आणि मी ठेवून दिला.

काल चिगुर निवडता निवडता मात्र मी उठले. साडी बदलली आणि रिक्षाने विद्यानगरला गेले. तिच्याकडे सात वर्षांत मी एकदाही गेले नव्हते; रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. ती घरीच होती. पुढच्या खोलीत ती आता मुलांना चित्रकला शिकवते, भिंतीभर हत्ती आणि विमानं. केस पांढरे झालेत. कानामागे पेन्सिल आहे. मला बघून ती हसली आणि काही न विचारता पाणी घेऊन आली.

मी पाणी न पिताच बोलले. इतक्या वर्षांच्या सरावातलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. “स्वरूपा, तेव्हा साहेबांनी माझ्याकडे एक नाव मागितलं होतं. मी तुझं दिलं.”

ती समोरच्या स्टुलावर बसली. मग मी भराभरा बाकीचंही सांगितलं, की ती सगळ्यांत हुशार होती, तिला कुठेही काम मिळेल असं वाटलं, म्हणून. ती ऐकत राहिली. मग तिने सांगितलं, आवाज न चढवता, जणू दुसऱ्या कुणाचं तरी सांगतेय. ती सहा-सात ठिकाणी गेली होती. प्रत्येक ठिकाणी ती रेघेची गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक ठिकाणी समोरचा विचारायचा, इतकं चांगलं काम होतं तर काढलं का? पुढच्या वर्षी सगळं जगच बंद झालं. दीड वर्ष ती घरातून बाहेर पडली नाही, आणि ते फक्त रोगाच्या भीतीने नव्हतं. “ताकद होती ताई माझ्यात, तुम्ही खोटं नाही म्हणत. पण एकदा मला विचारायचं होतं की.”

मी रडले. बाहेर कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. मी म्हटलं, तुला हे आज कळलं, आता तू मला काय वाटेल ते बोल.

“आज कुठे,” ती म्हणाली. “साहेब त्याच दिवशी बोलले मला, ताईंनीच सुचवलं म्हणून.”

मला आधी ते समजलंच नाही. सात वर्षं? मग दर पाडव्याला फोन का करत होतीस, मी विचारलं.

“तुम्ही सांगाल म्हणून.”

ती उठली, माझ्या हातातला न प्यालेला पेला काढून घेतला, तो रिकामा करून पुन्हा भरून आणला, आणि मी तो सगळा पिईपर्यंत समोर उभी राहिली. मी निघाले तेव्हा ती फाटकापर्यंत आली. पुन्हा कधी येऊ हे विचारायचा मला धीर होत नव्हता. फाटकाची कडी लावता लावता तीच म्हणाली, “पुढच्या पाडव्याला मी फोन नाही करणार, ताई. तुम्ही करा.”